‘रविवारी माझी मॅच आहे!’

वुहान म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? मास्क, बंद दारं, रिकामे रस्ते... २०२० च्या जानेवारीत हे नाव आपल्या घरात शिरलं आणि वर्षभर मुक्कामालाच राहिलं. भाजीवाल्या मावशींपासून सोसायटीच्या वॉचमनपर्यंत सगळ्यांच्या तोंडी तेच. पण मैत्रिणींनो, या शहराची आणखी एक ओळख आहे आणि ती त्याला तिथल्या मुलींनी मिळवून दिली आहे. ज्या वर्षी वुहानचं नाव जगभर भीतीनं घेतलं जात होतं, त्याच वर्षी तिथल्या महिला संघानं चीनमधली महिला फुटबॉलची सर्वात मोठी साखळी स्पर्धा, म्हणजे ‘वूमन्स सुपर लीग’, पहिल्यांदा जिंकली. आणि एकदा जिंकून त्या थांबल्या नाहीत. २०२० ते २०२४ अशी सलग पाच वर्षं हे विजेतेपद त्यांनी कुणाला घेऊ दिलं नाही.

फुटबॉल म्हणजे काय रे भाऊ, असं म्हणणाऱ्या आपल्यातल्या पुष्कळजणी असतील. ऑफसाइड म्हणजे नेमकं काय, हे घरातल्या मुलांनी दहा वेळा समजावूनही डोक्यात शिरत नाही. नाही शिरलं तरी चालेल! मी आज सांगणार आहे ती गोष्ट गोलांची कमी आणि बायकांच्या वेळेची जास्त आहे. त्यासाठी आधी या २०२० च्या हंगामाकडे बघायला हवं.

वांग शुआंग ही मूळची वुहानचीच. चीनच्या महिला फुटबॉलमधलं गेल्या दशकातलं सर्वात मोठं नाव. लहानपणीच आई-वडील विभक्त झाले, ती नातेवाइकांकडे वाढली आणि चेंडूच्या मागे धावता धावता थेट पॅरिसच्या मोठ्या क्लबपर्यंत पोहोचली. २०१८ मध्ये आशियातली सर्वोत्तम महिला खेळाडू म्हणून तिचा गौरव झाला. पॅरिसमध्ये एक हंगाम खेळून २०१९ मध्ये ती आपल्या गावी परतली. तिची जन्मतारीख २३ जानेवारी १९९५. २३ जानेवारी २०२० ला ती पंचवीस वर्षांची झाली आणि नेमक्या त्याच दिवशी सरकारनं वुहानच्या वेशी बंद केल्या. पंचविसावा वाढदिवस आणि शहराला कुलूप!

पुढच्याच महिन्यात टोकियो ऑलिम्पिकच्या पात्रता फेरीचे सामने होते आणि ते कुठे होणार होते? तर वुहानलाच. साथीमुळे ते आधी नानजिंगला हलवले, मग थेट ऑस्ट्रेलियात सिडनीला. चीनचा संघ ऑस्ट्रेलियात उतरला तो विलगीकरणातच गेला. ब्रिस्बेनच्या हॉटेलात खोल्यांबाहेरच्या चिंचोळ्या बोळात या मुली व्यायाम करताहेत, असे फोटो तेव्हा जगभर छापून आले होते. आपण नाही का त्या दिवसांत सोफा सरकवून हॉलमध्ये फेऱ्या मारत होतो, अगदी तसंच. फरक इतकाच, की त्यांना काही दिवसांत ऑलिम्पिकसाठी मैदानात उतरायचं होतं.

आणि वांग शुआंग? ती या संघात नव्हती. ती आणि याओ वेईसारख्या तिच्या सहकारी वुहानमध्येच अडकल्या होत्या. शहराबाहेर पाऊल टाकायची सोय नव्हती. मग ती इमारतीच्या गच्चीवर चेंडू घेऊन एकटीच सराव करायची. गच्ची! आपल्याकडे पापड वाळत घालायची जागा. तिकडे तिच्या मैत्रिणींनी थायलंडला ६-१, तैवानला ५-० असं हरवलं आणि यजमान ऑस्ट्रेलियाला १-१ असं बरोबरीत रोखलं. वुहानचं कुलूप उघडलं ८ एप्रिलला. ७६ दिवसांनी.

आता गंमत बघा. साथीमुळे जगभरातल्या कितीतरी स्पर्धा रद्द झाल्या, बायकांच्या तर सर्वात आधी झाल्या. घरात खर्चाला कात्री लावायची वेळ आली की पहिल्यांदा काय बंद होतं? बाईचा गाण्याचा क्लास, मुलीची शिकवणी. तसंच हे. चीनच्या महिला लीगचाही हंगाम वेळेवर सुरू होऊ शकला नाही. पण तो रद्द मात्र झाला नाही, हे महत्त्वाचं. ऑगस्टच्या शेवटी सगळ्या संघांना नैर्ऋत्येकडच्या युन्नान प्रांतात, कुनमिंग शहरातल्या एका क्रीडासंकुलात एकत्र आणलं गेलं. कुनमिंगला तिकडे ‘वसंताचं शहर’ म्हणतात. समुद्रसपाटीपासून जवळपास १९०० मीटर उंच, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षाही वर. पळताना दम लवकर लागतो. घरचं मैदान नाही, आपल्या गावचे लोक नाहीत. साऱ्या मुली एकाच आवारात. खेळायचं, खोलीत जायचं, पुन्हा खेळायचं.

या कोंडलेल्या हंगामात वुहानच्या मुली आल्या होत्या त्या ७६ दिवसांचा बंदिवास भोगून. समोर गतविजेता जिआंग्सूचा संघ. या जिआंग्सूनं २०१९ मध्ये लीग, चषक असं देशातलं जे जे जिंकण्यासारखं होतं ते सगळं जिंकलेलं. ऑक्टोबरमध्ये वुहाननं त्यांनाच हरवून पहिलं विजेतेपद मिळवलं. ज्या शहराच्या नुसत्या नावानं लोक दचकत होते, त्या शहराचं नाव करंडकावर कोरलं गेलं. मला या विजयापेक्षाही एक गोष्ट मोठी वाटते. त्या वर्षी हंगाम झाला. तारखा जाहीर झाल्या, सामने झाले, निकाल लागले. तो झाला नसता, तर गच्चीवरच्या त्या सरावाला कसला अर्थ उरला असता?

या लीगमध्ये फक्त चिनी मुलीच खेळतात असं मात्र नाही. २०२० च्या त्या हंगामात सर्वाधिक गोल केले ते झांबिया या आफ्रिकी देशाच्या बार्ब्रा बांडानं. शांघायकडून खेळताना १३ सामन्यांत १८ गोल! नायजेरियाची आसिसात ओशोआला दालियानच्या संघातून खेळून गेली. आणि मालावीच्या चविंगा बहिणी, थोरली तबिथा आणि धाकटी तेम्वा. मालावी म्हणजे आफ्रिकेतल्या गरीब देशांपैकी एक. तबिथा लहानपणी मुलांबरोबर खेळायची. घरच्यांचा विरोध. ती इतकी चांगली खेळायची, की समोरच्या संघाला ती मुलगी आहे हेच पटेना. तेरा-चौदा वर्षांच्या या पोरीला भर मैदानात कपडे उतरवून मुलगी असल्याचं सिद्ध करावं लागलं, हे तिनं पुढे स्वतःच जाहीरपणे सांगितलं आणि असले प्रकार थांबवा अशी मागणीही केली. वाचताना अंगावर काटा येतो. मुलगी चांगली खेळली की तिच्या मुलगी असण्यावरच संशय! ही तबिथा स्वीडनमार्गे चीनला पोहोचली, जिआंग्सूकडून खेळताना २०१८ आणि २०१९ मध्ये लीगची सर्वोत्तम खेळाडू ठरली, पुढे वुहानकडून खेळली. तेम्वा तर वुहानचीच झाली. २०२३ या एका वर्षात क्लब आणि देश मिळून तिनं ६३ गोल केले. तिथून ती अमेरिकेत गेली आणि २०२४ मध्ये तिथल्या लीगमध्येही सर्वोत्तम ठरली. मालावीतल्या खेड्यातून निघालेल्या दोन बहिणींना पाय रोवायला जागा मिळाली, ती चीनमधल्या या हंगामांमुळे.

या लीगमधल्या ओळखीचा एक छान प्रसंग पुढे ऑलिम्पिकमध्ये घडला. त्याआधी एप्रिल २०२१ मध्ये चीनला पात्रतेसाठी दक्षिण कोरियाशी दोन सामने खेळायचे होते. पहिला २-१ असा जिंकला, त्यात विजयी गोल वांग शुआंगचा. दुसरा सामना चीनमध्येच, सूजौ शहरात. मध्यंतराला चीन ०-२ असा मागे. ऑलिम्पिकचं दार बंद होत आलेलं. मग वांग शुआंग मैदानात उतरली. तिच्या फ्री किकवर पहिला गोल झाला आणि जादा वेळेत तिनं स्वतः लांबून मारलेल्या गोलनं चीन टोकियोला पोहोचला. एका वर्षापूर्वी याच पात्रता फेरीत जिला जाताच आलं नव्हतं, तिनंच शेवटी संघाला तिथे नेलं. आणि टोकियोत झांबियाविरुद्ध सामना झाला तो ४-४! चीनचे चारही गोल वांग शुआंगचे, तर झांबियाकडून हॅटट्रिक केली ती बार्ब्रा बांडानं. कुनमिंगच्या एकाच आवारात राहून खेळलेल्या दोघी जगासमोर एकमेकींना भिडल्या होत्या.

चीनच्या मुली फुटबॉल खेळतात, यात विशेष काय, असं वाटेल. पण जरा मागे जाऊन बघा. हा तोच देश आहे, जिथे शेकडो वर्षं मुलींचे पाय लहानपणीच करकचून बांधले जात. बोटं तळव्याखाली मुडपून, हाडं मोडून. पाऊल जितकं लहान तितकी मुलगी देखणी, तितकं स्थळ चांगलं. १९१२ मध्ये या प्रथेवर कायद्यानं बंदी आली, तरी खेड्यापाड्यांत ती पुढेही बरीच वर्षं रेंगाळली. त्याच देशात १९९१ मध्ये महिलांचा पहिला फुटबॉल विश्वचषक भरला. त्या वेळी सामने ८० मिनिटांचे असायचे. पुरुषांची नव्वद मिनिटं बायकांना झेपायची नाहीत असा समज! पाय बांधले गेलेल्या काही आज्या तेव्हा हयात होत्या, हे लक्षात घेतलं की त्या मैदानाचं मोल कळतं.

नव्वदीच्या दशकात चीनचा महिला संघ जगात पहिल्या दोन-तीनांत गणला जायचा. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये रौप्यपदक. १९९९ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना अमेरिकेत, नव्वद हजारांवर प्रेक्षकांसमोर. गोल एकही झाला नाही, पेनल्टी शूटआउटमध्ये चीन ४-५ असा हरला. त्या संघाची सुन वेन ही त्या स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू ठरली. लोक या मुलींना कौतुकानं ‘पोलादी गुलाब’ म्हणू लागले. आणि मग... मग घसरण सुरू झाली. २००३ चा विश्वचषक चीनमध्ये व्हायचा होता, तो सार्सच्या साथीमुळे अमेरिकेला हलवावा लागला. पण घसरणीचं खरं कारण साथ नव्हती. इतर देश मुलींच्या साखळी स्पर्धा, शाळांतले संघ वाढवत नेत होते, तेव्हा चीनमध्ये मोठ्या स्पर्धेपुरतं निवडक मुलींना छावणीत घडवायचं, एवढ्यावरच भागवलं जात होतं. १९९७ पासून मुलींची लीग होती, पण तिची नावं बदलली, स्वरूप बदललं, प्रेक्षक मात्र मोजकेच राहिले. घरात एकुलतं एक मूल. आई-बापांनी मुलीला अभ्यासाला लावायचं की मैदानावर सोडायचं? उत्तर आपल्याला ठाऊक आहे. २०१५ मध्ये लीगची नव्यानं बांधणी झाली, वरची आणि खालची अशा दोन पायऱ्या झाल्या आणि हंगामाला जरा आकार आला.

तरीही मुलींच्या संघांचा संसार चालतो कशावर? आपल्याकडच्या स्वयंपाकघरातलं दृश्य आठवा. सासरे, नवरा, मुलं, पाहुणे सगळ्यांची पानं होतात आणि शेवटी पातेल्यात उरेल ते बाईच्या वाट्याला. महिला फुटबॉलचंही तसंच झालंय. दालियानचा संघ २०१६, २०१७ आणि २०१८ असा तीनदा विजेता. त्यामागे होती औषधी उत्पादनं विकणारी च्युआनजियान ही कंपनी. २०१९ च्या सुरुवातीला कंपनीच्या मालकाला फसव्या जाहिराती आणि साखळी विक्रीच्या प्रकरणात अटक झाली आणि तीन वर्षांच्या विजेत्या संघाच्या पायाखालची जमीन सरकली. मुलींचा यात काय दोष? दुसरं उदाहरण जिआंग्सूचं. सुनिंग या मोठ्या कंपनीचा हा क्लब. २०२० च्या नोव्हेंबरात त्यांच्या पुरुष संघानं देशाचं विजेतेपद मिळवलं आणि जेमतेम साडेतीन महिन्यांनी, २०२१ च्या फेब्रुवारीच्या शेवटी, कंपनीनं क्लबच बंद केला. पुरुषांच्या फुटबॉलवर कंपन्यांनी कित्येक वर्षं परदेशी खेळाडू आणण्यात पाण्यासारखा पैसा ओतला होता. तो फुगा फुटला. त्याचा आवाज पुरुषांच्या मैदानात झाला, पण तडाखा मुलींच्या संघालाही बसला. उरलंसुरलं मिळणाऱ्याला उपास मात्र पूर्ण घडतो, तो असा.

वुहानच्या संघाचं वेगळेपण इथे दिसतं. हा संघ वर्षानुवर्षं ओळखला गेला तो तिथल्या जिआंगहान विद्यापीठाच्या नावानं. शिक्षणसंस्थेशी नातं जोडलेलं असलं की एक मालक बुडाला म्हणून सगळं बुडत नाही. आपल्याकडे बचत गट चालवणाऱ्या बायकांना हे न सांगता कळतं. एका मोठ्या देणगीपेक्षा दर महिन्याची ठरलेली वर्गणीच गट जगवते.

आता ही गोष्ट आपल्या अंगणात येते. तारीख ६ फेब्रुवारी २०२२. ही तारीख आपण कुणीच विसरणार नाही. त्या सकाळी लतादीदी गेल्या. घराघरांत टीव्हीसमोर लोक डोळे पुसत बसले होते, संध्याकाळी शिवाजी पार्कवर त्यांना अखेरचा निरोप दिला गेला. त्याच दिवशी, खाडीपलीकडे नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिलांच्या आशिया चषकाचा अंतिम सामना होता. चीन विरुद्ध दक्षिण कोरिया. आपलं लक्ष त्या दिवशी दुसरीकडे असणं अगदी साहजिक होतं. पण त्या मैदानात जे घडलं ते विलक्षण होतं. मध्यंतराला चीन पुन्हा ०-२ असा मागे. दुसऱ्या डावात तांग जियालीनं पेनल्टीवर एक गोल फेडला, चार मिनिटांत जांग लिनयाननं बरोबरी साधली आणि वेळ संपून गेल्यावर मिळालेल्या जास्तीच्या मिनिटांत शियाओ युयीनं तिसरा गोल केला. ३-२! सोळा वर्षांनी चषक चीनकडे परतला. त्याआधी तीनच दिवस पुण्यात, आपल्या बालेवाडीला, याच मुलींनी जपानला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवलं होतं. तिथेही दोनदा मागे पडून, दोनदा बरोबरी करून. गोलरक्षक जू यूनं दोन पेनल्टी अडवल्या. संघाची प्रशिक्षक होती शुई चिंगशिया, १९९६ च्या त्या रौप्यपदक विजेत्या संघातलीच खेळाडू. आणि संघातल्या बहुतेक मुली घडल्या होत्या त्या देशातल्या लीगमध्येच.

चीनमध्ये त्या दिवसांत नववर्षाचा सण होता. सणाच्या पहिल्याच दिवशी, १ फेब्रुवारीला, त्यांचा पुरुष संघ व्हिएतनामकडून १-३ असा हरला होता. पाच दिवसांनी मुली आशिया जिंकून मोकळ्या! कौतुकाचा पूर आला. मोबाइलवरून पैसे भरायची सेवा देणाऱ्या अलीपे या कंपनीनं एक कोटी तीस लाख युआनचं बक्षीस दिलं. या कंपनीनं २०१९ मध्येच महिला फुटबॉलसाठी दहा वर्षांत शंभर कोटी युआन द्यायचं जाहीर केलं होतं. लोक विचारू लागले, की मुली जिंकतात आणि पुरुष हरतात, तरी कमाईत एवढं अंतर का? प्रश्न बरोबरच होता. पण पुढच्याच वर्षी, २०२३ च्या विश्वचषकात, याच संघाला इंग्लंडनं ६-१ असं हरवलं आणि चीन पहिल्याच फेरीत बाहेर पडला. कौतुक असं पाहुण्यासारखं असतं, येतं आणि जातं. रोजचा स्वयंपाक मात्र कुणाला तरी चुकत नाही. बक्षीस जिंकल्यावर मिळतं, पण मुलगी घडते ती न जिंकलेल्या, कुणी न पाहिलेल्या साध्या सामन्यांत. पैसा आणि लक्ष तिथे पोहोचायला हवं.

त्या आशिया चषकात आपल्या मुलींचं काय झालं, तेही आठवायला हवं. यजमान आपण. चीन आपल्याच गटात. पहिल्या सामन्यात आपण इराणशी बरोबरी केली आणि २३ जानेवारीला तैवानविरुद्धच्या सामन्याआधी संघातल्या बारा-तेरा जणींना कोविडची लागण झाल्याचं निघालं. मैदानात उतरवायला पुरेशा मुलीच उरल्या नाहीत. नियमाप्रमाणे भारत स्पर्धेबाहेर! २६ जानेवारीला, प्रजासत्ताकदिनी, चीनशी होणारा सामना झालाच नाही. घरच्या मैदानावर, न हरता घरी. वर्षानुवर्षं ज्यासाठी घाम गाळला ते असं निसटलं, तेव्हा त्या पोरींना काय वाटलं असेल!

हे सगळं मी का सांगतेय? आमच्या मंडळातर्फे वस्तीतल्या मुलींसाठी संध्याकाळचा अभ्यासवर्ग चालतो. शेजारीच पालिकेचं मैदान आहे. आठ-नऊ वर्षांच्या मुली तिथे मुलांबरोबर धावताना दिसतात. काही तर इतक्या चपळ, की मुलगे त्यांना आपल्या बाजूला घ्यायला भांडतात. तेरा-चौदा वर्षं झाली की मैदानातून एकेक मुलगी गायब. आयांना विचारलं तर म्हणतात, ‘‘ताई, आता ती मोठी झाली ना. आणि खेळायला काय, कधीही खेळता येतं की.’’ या ‘कधीही’मध्येच सगळी मेख आहे. जे कधीही करता येतं ते मुलींना कधीच करता येत नाही. पाण्याला ठरलेली वेळ असते, रेशनला असते, धाकट्या भावाच्या शिकवणीला असते. मुलीच्या खेळाला वार नाही, वेळ नाही, मग घरातलं प्रत्येक काम त्याच्यावर जाऊन बसतं. पण शाळेत एकदा मुलींचे कबड्डीचे सामने लागले, भिंतीवर तारखा लागल्या, तेव्हा त्याच आयांनी पाण्याच्या पाळ्या आपापसांत बदलून घेतलेल्या मी पाहिल्या आहेत. ‘रविवारी माझी मॅच आहे’ हे वाक्य मुलीला बोलता आलं पाहिजे. त्या वाक्यात हक्क असतो. हंगाम म्हणजे दुसरं काय? बाईच्या वेळेवर तिचं नाव घालून ठेवणारं वेळापत्रक!

वुहानच्या मुलींनी पुढे काय केलं, तेही सांगते. आशियातल्या महिला क्लबांची पहिली चॅम्पियन्स लीग २०२४-२५ मध्ये झाली. मे २०२५ मध्ये अंतिम सामना वुहानमध्येच होता, ऑस्ट्रेलियाच्या मेलबर्न सिटीशी. १-१ अशी बरोबरी आणि पेनल्टी शूटआउटमध्ये वुहानचा ५-४ असा विजय. ज्या शहरातून पाच वर्षांपूर्वी एक स्पर्धा दूर पळवावी लागली होती, तिथे आशियाचा करंडक घरच्या लोकांसमोर उंचावला गेला. याच स्पर्धेत आपल्याकडून ओडिशाचा संघ खेळला होता. जपानच्या उरावा संघानं त्याला १७-० असं हरवलं. आकडा बोचतो. पण हसण्यावारी नेऊ नका. या सतरा गोलांत मुलींची कुवत नाही, त्यांना न मिळालेल्या हंगामांची संख्या मोजली गेलीय. जपान-चीनमधल्या मुली वर्षभर बरोबरीच्या संघांशी झुंजतात. आपल्याकडे मुलींची राष्ट्रीय लीग सुरू झाली तीच २०१६-१७ मध्ये.

आणि तरीही जुलै २०२५ मध्ये आपल्या मुलींनी थायलंडला त्यांच्याच देशात २-१ असं हरवून २०२६ च्या आशिया चषकात जागा मिळवली. यजमान म्हणून फुकट मिळालेली नव्हे, पात्रता फेरी खेळून स्वतः कमावलेली. २०२२ च्या त्या निराशेनंतर तीनच वर्षांत!

आपण लीग काढू शकत नाही, कंपन्या चालवत नाही. पण मंडळ, शाळा, सोसायटी, गणेशोत्सव समिती यातलं काहीतरी आपल्या हातात असतंच. मुलींचे चार संघ, सहा रविवार, एक मैदान. फुटबॉलच हवा असं नाही. खो-खो, लंगडी, जे असेल ते. बक्षीस छोटं असलं तरी चालेल, नसलं तरी चालेल. तारखा मात्र आधी ठरवा, फळ्यावर लिहा आणि काहीही झालं तरी त्या पाळा. एकदा का घरातल्या कॅलेंडरवर दूध आणि गॅसच्या नोंदींशेजारी मुलीच्या मॅचची तारीख लिहिली गेली, की तिला मैदानातून उठवणं घरच्यांनाही इतकं सोपं राहत नाही.